चोवीस दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा आणि एक शुद्धिपत्र

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस जगप्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. ऋणी हा शब्द आम्ही उपचार म्हणून वापरलेला नाही. त्यामागे काय आहे ते पुढे ओघाने येईलच. प्रारंभी एवढाच खुलासा करून ठेवतो की, प्रवास करून आलेला मनुष्य पाहिलेल्याबरोबर न पाहिलेलेही सांगून जातो, ही जुनी खोड आहे. आज आम्ही जे पाहिले तेच सांगू आणि जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे सांगू. हा नियम आमच्या सहप्रवाशाने घालून दिला आहे, आणि सहप्रवासी पहिल्याच रांगेत बसलेले असल्यामुळे तो मोडण्याची सोय नाही.

या सहप्रवाशाला आम्ही वसतिगृहात असल्यापासून ‘मास्तर’ म्हणतो. मंडळाच्या वसतिगृहात आम्ही दोघे एका खोलीत चार वर्षे राहिलो. ट्रंक एक, कुलूप एक आणि किल्ल्या दोन, असा आमचा संसार होता. १९७३ साली मंडळाच्या शिक्षण-साहाय्य निधीत परदेशी जाणाऱ्या एकाच विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज देण्याइतकी शिल्लक होती. समितीने निवड केली ती मास्तरांची. त्यांना भूगोलाच्या पुढील अभ्यासासाठी विलायतेस जावयाचे होते. त्याच वैशाखात त्यांचे वडील अर्धांगवायूने अंथरुणास खिळले. पाठीवर तीन धाकटी भावंडे होती. मास्तरांनी समितीस एक पोस्टकार्ड टाकले, की आपणांस जाणे शक्य नाही, कर्ज दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास द्यावे. तो दुसरा क्रमांक आमचा होता. आम्ही मुद्रणाचा अभ्यास करण्यासाठी लंडनला गेलो आणि मास्तर सातारा जिल्ह्यातील एका शाळेत भूगोल शिकवू लागले. २००७ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, ते तेथेच होते. मंडळाचे कर्ज आम्ही १९८१ पर्यंत फेडले. मास्तरांचे कोणत्या हप्त्यांनी फेडावयाचे, हे मात्र आम्हांस कधी कळले नाही.

म्हणूनच त्यांना पंच्याहत्तरावे लागण्याच्या सुमारास आम्ही प्रस्ताव मांडला, की दोघांनी मिळून पृथ्वीला एक फेरा घालावा आणि खर्च आम्ही करावा. पहिली गोष्ट त्यांनी तात्काळ मान्य केली, दुसरी तितक्याच तात्काळ नाकारली. खर्च निम्मा-निम्मा ठरला, त्यामुळे चोवीस दिवस आम्ही उभयता एकाच खोलीत, आणि बहुतेक ठिकाणी चार जिने चढून, राहिलो. तिकिटे स्वस्त मिळाली ती पितृपंधरवड्यातली. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी “पितृपक्षात कोणी प्रस्थान ठेवते काय?” असे विचारले. घरात वडीलधारे आता आम्हीच आहोत, अशी आमची समजूत होती. ती चुकीची ठरली. असो. १८ सप्टेंबर २०२४ रोजी आम्ही मुंबई सोडली आणि ११ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परत आलो. सीमोल्लंघन आधी आणि दसरा मागाहून, असा तो प्रकार झाला.

चोवीस दिवसांत सात देश म्हणजे पाहणे कमी आणि धावणेच अधिक. मास्तर आठ देश म्हणतात, कारण रोममध्ये असताना त्यांनी आम्हांस व्हॅटिकनच्या सीमेवरील पांढऱ्या रेषेपलीकडे नेऊन उभे केले. जेमतेम अर्धा चौरस किलोमीटरचा तो देश त्यांनी चौतीस वर्षे वर्गात शिकविला होता. तो यादीतून गाळू देण्यास ते तयार नव्हते.

इस्तंबूलमध्ये आम्ही दोन दिवस होतो. आयासोफियाची इमारत ५३७ साली पुरी झाली. चर्च, १४५३ नंतर मशीद, विसाव्या शतकात संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद, एवढ्या अवस्था त्या वास्तूने पाहिल्या. आम्ही मान वर करून पाहत राहिलो आणि मास्तरांनी थोड्याच वेळात बाहेर चलण्याची घाई केली, कारण त्यांना बॉस्फरसवरची साधी प्रवासी बोट गाठावयाची होती. युरोपच्या धक्क्यावर बसावे, पेलाभर चहा संपेतो आशियात उतरावे, आणि तसेच परत यावे. हा उद्योग त्यांनी तीन वेळा केला. चौथ्या वेळी आम्ही धक्क्यावरच बसून राहिलो.

आमचा खरा तंटा झाला तो रोममध्ये. आमच्या खिशात पाहावयाच्या स्थळांची यादी होती, प्रत्येकासमोर वेळ लिहिलेली. २१ सप्टेंबर रोजी दुपारी दोन वाजता कोलोझियमचे प्रवेशपत्र काढलेले होते. तत्पूर्वी पँथिऑनमध्ये अर्धा तास. या देवळाच्या घुमटाचा व्यास त्रेचाळीस मीटरांहून थोडा अधिक आहे, बांधकाम लोखंडी सळयांवाचून केलेल्या काँक्रीटचे आहे, आणि माथ्यावर एक वाटोळा झरोका उघडाच ठेवला आहे. पाऊस आत पडतो आणि फरशीतील भोकांवाटे निघून जातो. झरोक्यातून उन्हाचा एक गोल कवडसा आत उतरतो व दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो. विषुवदिन दुसऱ्या दिवशी होता. त्या सुमारास मध्यान्हीचा कवडसा घुमट जेथे सुरू होतो आणि भिंत जेथे संपते नेमक्या त्या सांध्यावर येतो, हे मास्तरांस ठाऊक होते. तेथली खरी मध्यान्ह घड्याळाच्या एकनंतर होती. मास्तर खांबाला टेकून सव्वा तास उभे राहिले. “अरे, दोन वाजता कोलोझियम आहे,” आम्ही म्हणालो. “ते एकोणीसशे वर्षे तिथेच आहे,” ते म्हणाले, “हा कवडसा उद्या पुढे गेलेला असेल.” कोलोझियम आम्ही बाहेरून पाहिले. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि एकाच खोलीत न बोलता राहणे हे किती कठीण असते हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणे नको.

पॅरिसविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. नोत्र-दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले होते आणि आम्ही गेलो तेव्हा दुरुस्ती चालू होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते उघडले. म्हणजे ते आम्ही आतून पाहिले नाही. आयफेल मनोरा पाहिला, परंतु तो आपण सर्वांनीच पाहिलेला आहे.

आता लंडन. येथे थोडे थांबावे लागेल.

आम्ही १९७३ ते १९७५ बॅलहममध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत राहत होतो. मास्तरांनी पहिल्याच दिवशी ते घर दाखविण्यास सांगितले. घर सापडले. दार कोणी उघडले नाही. आम्ही रस्त्यावरूनच वरची खिडकी दाखविली. मास्तर बराच वेळ वर पाहत होते. मग म्हणाले, “खिडकी मी मोठी धरली होती.” एवढेच. आम्ही त्यांना चहासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात नेले.

दुसऱ्या दिवशी ग्रिनिच. आता आम्हांस मागे जाऊन एक कथा सांगितली पाहिजे. १९७४ च्या स्मरणिकेसाठी मंडळाच्या तत्कालीन चिटणिसांनी आमच्याकडे विलायतेतील एक पत्र मागितले. कर्ज मंडळाचे, तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु लंडनमध्ये आम्ही पाहिले होते ते आमचे तंत्रविद्यालय, ती खोली आणि जेथे संध्याकाळी व रविवारी बशा धूत असू त्या खाणावळीचे मोरीघर. त्यातच जानेवारी १९७४ पासून इंग्लंडात विजेच्या टंचाईमुळे कारखाने-कचेऱ्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळे. वीज जाई तेव्हा आम्ही मेणबत्तीवर अभ्यास करीत असू. हे लिहून पाठविले असते तर उत्तम पत्र झाले असते, असे आज वाटते. तेव्हा मात्र वाटले, की मंडळाने पैसे खर्चून पाठविलेल्या मुलाने मोरीतल्या बशांचे वर्णन काय करावे! आम्ही ग्रंथालयातून एक पुस्तक आणले आणि ग्रिनिच वेधशाळेचे वर्णन लिहिले. टेकडीवरील हिरवळीत शून्य रेखांशाची रेघ कशी दिसते, एक पाय पूर्व गोलार्धात व एक पश्चिम गोलार्धात ठेवून आम्ही कसे उभे राहिलो, तेव्हा मनात कोणते विचार आले, सर्व काही. पत्र छापून आले. ग्रिनिचला आम्ही गेलोच नव्हतो.

ते पत्र मास्तरांनी कापून भूगोलाच्या पुस्तकात ठेवले होते. अक्षांश-रेखांशांचा धडा आला की दरवर्षी ते वर्गात वाचून दाखवीत, “माझा मित्र या रेघेवर उभा राहिला आहे.” चौतीस वर्षे. हे त्यांनी आम्हांस सांगितले ते ग्रिनिचला जाणाऱ्या गाडीत, आणि खिशातून ते पिवळे पडलेले कात्रण काढून दाखविले. गाडीतून उतरल्यावर म्हणाले, “तू पुढे हो. तुला वाट माहीत आहे.”

आम्ही पुढे झालो आणि नदीच्या काठी जाऊन पोचलो. तेथून माघारी वळून कुत्रे फिरवीत चाललेल्या एका बाईंना वाट विचारली. मास्तर काही बोलले नाहीत. उद्यानातली चढण दमवणारी आहे. टेकडीवर पोचेपर्यंत दोघांनाही बोलण्याइतका श्वास नव्हता, ही एक सोय झाली. वेधशाळेच्या अंगणात गेलो. रेघ तेथे आहे. लोक रांग लावून दोन बाजूंस दोन पाय ठेवून छायाचित्रे काढून घेत होते. मास्तरांनी कात्रण उघडले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पत्रात रेघ हिरवळीत आहे. इथे तर फरशी आहे.”

पन्नास वर्षांत आम्ही व्यवसायात पुष्कळ अवघड प्रसंग निभावले. पण तेथे आम्हांस एक वाक्य जुळविता आले नाही. शेवटी सांगितले, की आलो नव्हतो, पुस्तकातून लिहिले.

मास्तर बाकावर जाऊन बसले. वेधशाळेच्या मनोऱ्यावर १८३३ पासून एक गोळा आहे. तो रोज दुपारी एकाला खाली पडतो, म्हणजे पूर्वी थेम्समधल्या जहाजांनी त्यावर आपली घड्याळे लावावीत. तो पडला. फाटकावरील चोवीस तासांच्या घड्याळात मात्र बाराच वाजले होते, कारण ते उन्हाळी वेळ मानीत नाही. एरवी मास्तरांनी यावर पाऊण तास व्याख्यान दिले असते आणि मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची, भारतीय वेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ कशी चालविली, तेही सांगितले असते. त्या दिवशी ते गप्प बसून होते.

मग त्यांनी मोबाइल काढला. त्यात आपण उभे आहोत तेथील रेखांश दिसतो. रेघेवर धरून पाहिला; शून्य येईना. ते उठले आणि अंगणाबाहेर पडून वळसा घेत उद्यानात पूर्वेकडे निघाले, मोबाइल पुढे धरून; आम्ही मागोमाग. सुमारे शंभर मीटरांवर, गवतात, शून्य आले. यात जादू काही नाही. एअरी या ज्योतिर्विदाने एकोणिसाव्या शतकात जी दुर्बीण लावली ती तेथील गुरुत्वाकर्षणाच्या लंबरेषेवर लावली. ती लंबरेषा पृथ्वीच्या बरोबर मध्यातून जात नाही. उपग्रह मोजतात ते पृथ्वीच्या मध्यापासून. म्हणून आजचा शून्य रेखांश त्या प्रसिद्ध रेघेपासून १०२ मीटर पूर्वेस पडतो. हे मास्तरांना ठाऊक होते. पाहिले नव्हते इतकेच.

“रेघ हिरवळीतच आहे,” ते म्हणाले. “तू लिहिलेस ते बरोबर निघाले.” आम्ही सुटलो असे वाटून हसलो. ते हसले नाहीत. “पण तू इथेही उभा राहिला नव्हतास. माझ्या मुलांना मी आता कुठे शोधू? छापले आहेस ना? मग छापूनच दुरुस्त कर.”

रेघेवर उभे राहण्याचे मात्र त्यांनी नाकारले नाही. आम्ही दोघेही त्या गवतात उभे राहिलो. छायाचित्र काढावयास जवळ कोणी नव्हते.

त्यानंतर न्यूयॉर्क. लंडनहून सुमारे आठ तासांत आम्ही तेथे उतरलो. एलिस बेट पाहिले. १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांवर माणसे तेथून अमेरिकेत शिरली. त्या दालनाची लांबी पाहूनच पाय गळतात. उंच इमारतींविषयी आमच्या यादीत बरेच काही होते. परंतु ग्रिनिचनंतर यादी काढण्याचे धैर्य आमच्यात उरले नव्हते. मास्तर म्हणाले, “एक दिवस मला दे.” तो दिवस २ ऑक्टोबरचा होता, सर्वपित्री अमावास्येचा.

ग्रँड सेंट्रल स्थानकावरून हडसन नदीच्या काठाकाठाने एक गाडी उत्तरेस पकिप्सी गावी जाते. दोन तासांचा रस्ता आहे. जाताना डाव्या हाताला बसावे, नदी सोबत येते. पाने नुकती रंग पालटू लागली होती. तेथील दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या रक्षेची समाधी आहे. आपल्यापैकी पुष्कळांना त्यांचे चरित्र माहीत आहे, तरी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. परदेशी शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र एका नियतकालिकात छापले गेले, आणि दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या ते वाचनात आले. त्यांनी होऊन पत्र लिहिले, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्ता सोडून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या, वय अठरा. समुद्र ओलांडला की जात गेली, असे मानण्याचा तो काळ. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण ती जागा त्यांना घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. रक्षा मावशीकडे अमेरिकेस पाठविण्यात आली.

दगड साधा आहे. त्यावर नाव, पदवी आणि १८६५ व १८८७ ही दोन साले आहेत. आम्ही दोघे वृद्ध गृहस्थ त्यांच्या आजोबांच्या वयाचे. मास्तरांनी चपला काढल्या, बाटलीतले पाणी ओंजळीत घेतले आणि दगडाच्या पायथ्याशी सोडले. मंत्र वगैरे काही म्हटले नाही. परतीच्या गाडीत मात्र ते आपण होऊन बोलले. १९७३ चे ते पोस्टकार्ड लिहिण्यास त्यांना तीन दिवस लागले होते. वडिलांचे आजारपण खरे होते, तरी थोरले काका सांभाळण्यास तयार होते. “जाता आले असते,” ते म्हणाले. “भीती वाटली. इंग्रजीची, थंडीची, सगळ्याची. वडिलांचे कारण आयते मिळाले. तू आजवर माझ्याकडे उपकाराच्या डोळ्यांनी पाहत आलास, ते मी पाहू दिले. म्हणजे शुद्धिपत्रात माझीही एक ओळ घाल.” नदी आता उजव्या हाताला होती. आम्ही काही बोललो नाही. बोलण्याजोगे काही नव्हतेच. हे येथे सांगण्यास मास्तरांची संमती आहे. किंबहुना आग्रह आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत दीड दिवस राहिलो. गोल्डन गेट पुलावर सकाळी गेलो तेव्हा धुके होते. दोन मनोऱ्यांची टोके दिसली. पूल पाहिला असे आम्ही म्हणणार नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीने ५ ऑक्टोबर रोजी मास्तरांच्या अमृतमहोत्सवी सत्काराचा घाट घातला होता, आणि ते त्या दिवशी परदेशी असल्याने तो पुढे ढकलावा लागला, हे आपणांस स्मरत असेलच. त्यामागचे कारस्थान आज उघड करतो. सॅन फ्रान्सिस्कोहून टोकिओचे विमान मास्तरांनीच निवडले होते. ते ५ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटले, पश्चिमेकडे रात्रीच्या आडून अकरा तास उडत राहिले, वाटेत वाररेषा ओलांडली आणि टोकिओला उतरले तेव्हा ६ ऑक्टोबरची पहाट व्हावयाची होती. त्या वाढदिवसाचे दीड तास विमानतळावर गेले, उरलेले काळोखात. ५ ऑक्टोबरचा सूर्य आम्ही पाहिलाच नाही. कॅलेंडराप्रमाणे प्रवास चोवीस दिवसांचा. सूर्योदय तेवीसच झाले. मॅगेलनच्या सफरीतून १५२२ साली परतलेल्या खलाशांच्या रोजनिशीतही असाच एक वार कमी भरला होता. “पंच्याहत्तरावा वाढदिवस झालाच नाही,” असे मास्तर म्हणतात, “म्हणजे मी अजून चौऱ्याहत्तरचा.” आमच्या मते ही सत्कार टाळण्याची युक्ती आहे, आणि कार्यकारिणीने ती चालू देऊ नये.

टोकिओत शिंजुकूमध्ये नाकामुराया नावाचे जे उपाहारगृह आहे, तेथे क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी १९२७ साली हिंदी पद्धतीची करी सुरू करून दिली, व ती आजही मिळते. १९१५ साली जपानात पळून गेलेल्या या गृहस्थांना त्या दुकानाच्या मालकांनी आश्रय दिला व पुढे आपली मुलगीही दिली. मास्तरांचा हुकलेला वाढदिवस तेथे साजरा करावा असा आमचा बेत होता. तथापि नवरात्र चालू असल्याचे कोंबडीचा रस्सा शेजारच्या मेजावर आल्यावर ध्यानात आले, आणि आम्ही भात व लोणचे यांवर भागविले. सिंगापुरात पाऊस होता. विमानतळ मात्र उत्तम आहे.

मंडळाची ही स्मरणिका गेली कित्येक वर्षे आमच्याच मुद्रणालयात छापली जाते. छापखान्यात चूक सापडली की शुद्धिपत्र लावावयाचे, हा नियम आम्ही विलायतेत शिकून आलो. तेव्हा संपादकांच्या अनुमतीने यंदाच्या अंकात या भाषणाखाली पुढील मजकूर घालीत आहोत. मास्तरांचे जे विद्यार्थी आपल्या घरांतून असतील त्यांस तो वाचून दाखवावा, ही विनंती.

१९७४ च्या स्मरणिकेतील ‘विलायतेतील पत्र’ या लेखात, ‘मी ग्रिनिचच्या रेघेवर उभा राहिलो’ याऐवजी ‘मी खाणावळीत बशा धूत होतो’ असे वाचावे. त्याच अंकातील साहाय्य-निधीच्या अहवालात, ‘वडिलांच्या आजारामुळे’ या शब्दांनंतर ‘व भीतीमुळे’ असे वाचावे. रेघ हिरवळीत असल्याचा उल्लेख आहे तसाच ठेवावा.